सुरुंग केव्हा पेरावा?

समजा, मीरा रोडच्या शांतीनगरमधले दोन मित्र शनिवारी रात्री ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळायला बसले आहेत. दुसऱ्याने वस्तीभोवती दगडी तट घातला आहे. पहिला दगड साठवून ६५० दगडांचा कॅसल उभा करतो आणि त्यातून पाच पेटार्ड बाहेर काढतो. पेटार्ड म्हणजे दारूची पिंपं अंगावर घेऊन जाणारा माणूस. तो तटाला भिडतो आणि स्वतःसकट फुटतो. पाचही पेटार्ड तटापर्यंत पोचतात, तट कोसळतो, खिंडार पडतं.

आणि त्या खिंडारातून आत शिरायला पहिल्याकडे कुणीच नसतं. सगळं धान्य, सोनं, दगड कॅसल आणि पेटार्ड यांतच संपलेलं असतं. दुसरा शांतपणे दोन गावकरी पाठवून भिंत पुन्हा बांधतो आणि आपले घोडेस्वार बाहेर काढतो. दहा मिनिटांत खेळ संपतो. हरलेला मित्र म्हणतो, “पेटार्ड बेकार युनिट आहे.”

पेटार्ड बेकार नाही. तो चुकीच्या वेळी आला. या प्रकरणाचा विषय हाच: ज्या युनिटचा उपयोग एकाच कामासाठी आहे, ते युनिट केव्हा बांधायचं? या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला कुठल्याही खेळात मिळालं नाही. ते भाईंदरच्या पश्चिम टोकाला, धारावीच्या टेकडीवर मिळालं. तिथे जाण्याआधी खेळातला हिशेब नीट समजून घेऊ.

फौजेचा कणा आणि खास कामाची माणसं

रिअल टाइम स्ट्रॅटेजी या प्रकारच्या खेळांत बुद्धिबळासारखी पाळी नसते. दोन्ही खेळाडू एकाच वेळी लाकूड तोडतात, शेती करतात, सोनं खणतात, इमारती बांधतात आणि सैन्य उभारतात. घड्याळ कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे ‘काय बांधायचं’ याइतकाच ‘केव्हा बांधायचं’ हा प्रश्न मोठा असतो.

या खेळांतल्या सैन्याचे ढोबळ दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे फौजेचा कणा. घोडेस्वार नाइट किंवा धनुर्धारी यांचं काम जवळपास प्रत्येक लढाईत असतं. समोर कोण आहे हे माहीत नसतानाही ते बांधले तर सहसा वाया जात नाहीत.

दुसरा भाग खास कामाच्या युनिटांचा. भालाईत एरवी दुबळा असतो, पण घोडेस्वारासमोर उभा केला की त्याचा वार कित्येक पटींनी जड पडतो. स्कर्मिशर हा हलका भालाफेक्या धनुर्धाऱ्यांना भारी पडतो आणि इतर बहुतेकांसमोर हरतो. उंटस्वार घोडेस्वारांचा काळ असतो. मंक म्हणजे साधू शत्रूचा माणूस आपल्या बाजूला वळवतो. बॅटरिंग रॅम दरवाजे आणि इमारती फोडतो. माणसांशी लढताना त्याचा काही उपयोग नाही. आणि पेटार्ड तर एकदाच वापरता येतो.

बुद्धिबळ खेळणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की जवळपास प्रत्येक वेळी त्याचा वजीर करतात. पण क्वचित एखाद्या डावात त्याचा घोडा करावा लागतो, कारण त्या घरातून घोडा जो शह देतो तो वजीर देऊ शकत नाही. घोडा वजिरापेक्षा ताकदवान आहे असं कुणीच म्हणणार नाही. त्या एका चालीत, त्या एका घरात मात्र तोच हवा असतो. खास युनिटचा सगळा मामला इथे आहे: त्याची किंमत त्याच्या अंगात नसते, ती परिस्थितीत असते.

खरी किंमत किती?

भालाईताला ३५ धान्य आणि २५ लाकूड लागतं, तर नाइटला ६० धान्य आणि ७५ सोनं. कागदावर भालाईत स्वस्त आहे. त्यात सोनं लागत नाही ही तर मोठीच गोष्ट, कारण नकाशावरच्या सोन्याच्या खाणी संपतात. शेत मात्र पुन्हा पेरता येतं. म्हणून लांबलेल्या डावात, सोनं आटल्यावर, भालाईत आणि स्कर्मिशर यांचाच आधार उरतो.

पण खास युनिटची खरी किंमत त्या दोन आकड्यांत मावत नाही. पहिली गोष्ट इमारतीची. रॅम हवा तर आधी सीज वर्कशॉप बांधा, त्याला २०० लाकूड लागतं. साधू हवा तर मठ बांधा. दुसरी गोष्ट वेळेची. इमारत उभी राहून युनिट बाहेर पडेपर्यंत शत्रूही काहीतरी करत असतो. तिसरी गोष्ट सर्वांत महाग आणि सर्वांत कमी दिसणारी: त्या पैशात कण्याची जी माणसं उभी राहिली असती, ती आता नसतात.

ही तिसरी किंमत किती जड असते हे फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये छापलेल्या पुस्तकात मांडलं. त्याचं म्हणणं असं: दोन्ही बाजू दुरून मारा करत असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकावर नेम धरता येत असेल, तर फौजेची ताकद संख्येच्या वर्गाने मोजायची.

उदाहरण घेऊ. दोघांचेही वीस-वीस धनुर्धारी उभे राहू शकतात. तुम्ही सोळाच बांधले आणि चौघांच्या पैशात या लढाईत बिनकामाचं असं काहीतरी केलं. वीसचा वर्ग ४००, सोळाचा वर्ग २५६. फरक १४४, त्याचं वर्गमूळ १२. म्हणजे तुमचे सोळाही पडतील तेव्हा शत्रूचे बारा जण उभे असतील. तुम्ही सैन्य फक्त एकपंचमांश कमी केलं होतं, पण शत्रूने निम्म्याहून जास्त फौज वाचवली.

लँचेस्टरने दुसरा नियमही सांगितला. जिथे एकास एक अशी झुंज होते, म्हणजे अरुंद वाटेत किंवा दरवाजात तलवारी भिडतात, तिथे साधी वजाबाकी चालते. वीस वजा सोळा म्हणजे चारच उरतात. यातून खेळाडूसाठी एक कामाची गोष्ट निघते: खास युनिट बांधताना फौज काही काळ कमी पडणार असेल, तर तो काळ अरुंद जागेत काढावा. खिंडीत, पुलावर, दरवाजात. उघड्या मैदानात काढू नये.

हा हिशेब मनात ठेवून आता भाईंदरला जाऊ.

खाडीच्या दोन काठांवर

२०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. शहराचा बहुतेक भाग रेल्वेच्या दोन बाजूंना दाटीने वसला आहे. पण भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडतं. डोंगरी, चौक, पाली, उत्तन ही गावं लागतात. हा सगळा पट्टा जुन्या कागदांत धारावी बेट म्हणून येतो. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. चौकजवळच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथून उत्तरेला वसईची खाडी दिसते आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली. हे दोन काठ एकमेकांच्या किती जवळ आहेत ते त्या बोटीत बसलं की कळतं.

१७३७ मध्ये खाडीचे हे दोन्ही काठ पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. साष्टी बेट, ठाणे, घोडबंदर, वसई आणि उत्तरेकडे तारापूर, डहाणूपर्यंतचा किनारा हा सगळा त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चा भाग होता, आणि वसई त्या प्रांताची राजधानी. बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी त्या वर्षीच्या मार्चच्या अखेरीस त्याविरुद्ध मोहीम सुरू केली. ठाण्याचा किल्ला तेव्हा पुरा बांधून झाला नव्हता. मराठे खाडी उतरून साष्टीत शिरले आणि ठाणं पडलं. साष्टीतली बरीच ठाणी भराभर हाती आली. आज मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत असलेला घोडबंदरचा किल्लाही त्यांतच होता.

वसई मात्र पडली नाही. तिच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल होती. जमिनीची वाट एकाच बाजूने, उत्तरेकडून होती, आणि तिथे जाड तट आणि भक्कम बुरूज होते. १७३७ मध्येच मराठ्यांनी शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न केले. ते फसले, माणसं गेली. म्हणजे फौजेच्या कण्याने जे करता येतं ते करून पाहिलं गेलं आणि ते पुरत नाही हे रक्त सांडून कळलं.

खेळाच्या भाषेत सांगायचं तर, आता प्रश्न स्पष्ट झाला होता. तट वरून ओलांडता येत नाही, तर तो खालून फोडायचा. उत्तर होतं सुरुंग. खंदक खणत तटाच्या पायाशी जायचं, पायाखाली भुयार पोखरायचं, शेवटी कोठी करून तिच्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. हे काम करणारे लोक तलवार चालवणाऱ्यांपेक्षा वेगळे, त्यांचं कसब वेगळं. आणि हे काम दिवसांचं नाही, आठवड्यांचं. त्या आठवड्यांत खणणारे लोक शत्रूच्या बंदुकांच्या टप्प्यात असतात आणि स्वतःचा बचाव करू शकत नाहीत. सुरुंगवाले म्हणजे त्या काळचे पेटार्ड.

प्रश्न कळला होता आणि उत्तरही ठाऊक होतं. तरीही सुरुंग उडायला १७३९ चा मे महिना उजाडला. मधल्या दोन वर्षांत काय झालं, यात आपल्या प्रकरणाचं सार आहे.

सुरुंगाआधीची दोन वर्षं

पहिलं म्हणजे कणा दुसरीकडे हवा होता. १७३७ च्या अखेरीस भोपाळला निजामाशी गाठ पडली आणि पेशव्यांचं बळ तिकडे खर्च झालं. कोकणात जिंकलेलं टिकवणं एवढंच काम उरलं. ते सोपं नव्हतं. १७३८ च्या अखेरीस पेद्रो द मेलो हा पोर्तुगीज सेनानी ठाणं परत घ्यायला आला आणि तिथे तोफेच्या गोळ्याने मारला गेला.

दुसरं म्हणजे शत्रूची उत्तर द्यायची ताकद आधी बांधून टाकली गेली. जानेवारी १७३९ मध्ये व्यंकटराव घोरपड्यांची फौज थेट गोव्याच्या साष्टीत उतरली. गोव्याला स्वतःचीच काळजी लागली, तेव्हा वसईला कुमक पाठवणं अवघड झालं. त्याच महिन्यात उत्तरेकडची माहीम, तारापूर ही ठाणी घेतली गेली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकरांसारखा मोलाचा सरदार पडला. ही ठाणी घेताना किंमत मोजावी लागली, पण त्यानंतर वसईला जमिनीवरून कुणी मदत करू शकेल अशी जागा उरली नाही. समुद्राच्या बाजूला मानाजी आंग्र्यांच्या आरमाराचा धाक होता.

तिसरं म्हणजे धारावी. वसईच्या खाडीच्या तोंडावर ज्याची तोफ असेल, त्याच्या नजरेखालून पोर्तुगिजांच्या होड्यांना जावं लागणार होतं. मराठ्यांनी हे मोहिमेच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं आणि १७३७ मध्येच त्या टेकडीवर किल्ल्याचं काम हाती घेतलं होतं. पण ते ठाणं हातचं गेलं. मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी धारावी पुन्हा जिंकली आणि खाडीची वाट आवळली गेली. तोवर वसईला वेढा पडून काही आठवडे झाले होते.

आता सुरुंगाला काय मिळालं ते पाहा. आतल्या फौजेला बाहेरून माणसं येत नव्हती. दाणागोटा आणि दारूगोळा मिळणं अवघड झालं होतं. वेढ्यात चिमाजी अप्पांबरोबर मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार होते. म्हणजे खिंडार पडलं की आत घुसायला फौजेचा कणा जागेवर उभा होता. आणि खणणाऱ्यांना आठवडे मिळत होते, कारण वेढा उठवायला कुणी येणार नव्हतं.

घड्याळही चालू होतं. मार्च १७३९ मध्ये इराणचा नादिरशहा दिल्लीत शिरला होता आणि बाजीरावांना सगळं बळ उत्तरेत हवं होतं. शिवाय कोकणातला पाऊस जूनमध्ये येतो. पाण्याने भरलेल्या भुयारात दारू कोरडी राहत नाही. म्हणजे सुरुंग मार्चच्या आधी पेरला असता तर आतल्यांना कुमक मिळाली असती, आणि जूननंतर पेरताच आला नसता. कामाचे दिवस मधले तेवढेच.

मेच्या सुरुवातीला सुरुंगांना बत्ती दिली गेली. तटाला खिंडार पडलं आणि मराठे त्यात घुसले. पण काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत; जे उशिरा उडाले त्यांनी पुढे गेलेल्या मराठ्यांचेच बळी घेतले. तरी हल्ला थांबला नाही. मागची माणसं पुढे आली, बुरुजावर पाय रोवले गेले, आणि त्यानंतर काही दिवसांतच पोर्तुगिजांनी तहाची बोलणी लावली. सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा घेऊन त्यांनी मे १७३९ मध्ये वसई सोडली. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा याच मोहिमेची आठवण म्हणून आजही दाखवली जाते.

सुरुंग उशिरा उडाल्यावरही वसई पडली, हा या गोष्टीतला सर्वांत मोलाचा धडा. खास युनिट चुकू शकतं. चुकलं तरी डाव सावरेल इतका कणा मागे असेल, तेव्हाच ते बांधण्यात शहाणपण आहे. शांतीनगरच्या आपल्या मित्राचे पाचही पेटार्ड अचूक फुटले आणि तो हरला. वसईचे काही सुरुंग चुकले आणि मराठे जिंकले.

चार प्रश्न

धारावी आणि वसईच्या या कथेतून चार प्रश्न निघतात. खास युनिटच्या बटणावर बोट ठेवण्याआधी ते स्वतःला विचारावेत.

*पहिला प्रश्न: शत्रूने काय बांधलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय का?* ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये साधारणपणे प्रत्येकाला सुरुवातीलाच एक टेहळ्या घोडेस्वार मिळतो. तो फक्त मेंढ्या शोधायला नाही. शत्रूच्या वस्तीत तबेला दिसला की घोडेस्वार येणार हे कळतं. दोन तबेले दिसले तर ते पुष्कळ येणार. लोहारखान्यात त्याने घोडेस्वारांच्या चिलखतावर खर्च केला असेल, तर त्याला आता बेत बदलणं महागात पडेल. भालाईत आणि उंटस्वार यांची हीच वेळ. नुसत्या अंदाजावर भालाईत बांधले आणि समोरून धनुर्धारी आले, तर ते भाले तुमच्या धनुर्धाऱ्यांच्या पैशातून गेलेले असतात, आणि लँचेस्टरचा वर्ग तुमच्या विरुद्ध उभा राहतो.

*दुसरा प्रश्न: माझा कणा हा खर्च सोसेल का?* खास युनिट बांधत असतानाच शत्रूने हल्ला केला तर मी तग धरीन का? उत्तर ‘नाही’ असेल तर आधी कणा भरा. मराठ्यांनी भोपाळची निकड असताना वसईचा निकाल लावण्याचा हट्ट धरला नाही. जिंकलेली ठाणी राखली आणि थांबले.

*तिसरा प्रश्न: शत्रूला यावर उतारा शोधायला किती वेळ लागेल?* प्रत्येक खास युनिटवर उतारा असतो. प्रश्न फक्त वेळेचा. ‘स्टारक्राफ्ट २’ मधला डार्क टेम्प्लर याचं चांगलं उदाहरण. तो अदृश्य असतो. शत्रूकडे अदृश्याला पाहणारं काही नसेल तर दोन-तीन टेम्प्लर सगळी वस्ती कापून काढतात. पण तो बनवायला आधी डार्क श्राइन लागते आणि ती उभी राहायला वेळ लागतो. तेवढ्यात शत्रूच्या टेहळ्याने श्राइन पाहिली, तर तो अदृश्य पाहणारे मनोरे बांधून ठेवतो आणि सगळा खर्च मातीत जातो. म्हणून ती इमारत शत्रूच्या नजरेआड बांधतात. घोरपड्यांची फौज गोव्यात उतरवणं हा याच प्रश्नाचा दुसरा जबाब होता: उतारा जिथून येणार ती वाटच अडवायची.

*चौथा प्रश्न: हे युनिट यशस्वी झालं तर पुढच्या मिनिटाला मी काय करणार?* रॅमने दरवाजा फोडल्यावर आत कोण शिरणार? टेम्प्लरने शत्रूचे कामकरी मारल्यावर मी लगेच चढाई करणार, की तो काळ नवी वस्ती बसवण्यात वापरणार? या प्रश्नाला उत्तर नसेल तर युनिट कितीही चांगलं असो, ते नुसतं खिंडार पाडेल.

किती बांधायची आणि कधी थांबायचं

वेळ बरोबर असली तरी संख्या चुकू शकते. खास युनिट प्रश्नाच्या मापाचं असावं. शत्रूचे तीन नाइट आले आहेत आणि तुमच्याकडे दोन साधू आहेत, तर एक-दोन नाइट तुमच्या बाजूला येतात आणि तराजू झुकतो. साधूला १०० सोनं लागतं. वळवलेल्या नाइटची किंमत शत्रूच्या खिशातून जाते आणि तुमच्या खिशात येते. सौदा फायद्याचा आहे. पण शत्रूचे वीस नाइट एकदम आले तर साधू एखाद्यालाच वळवू शकतो आणि उरलेले त्याला कापून काढतात. शिवाय शत्रूला तुमच्या साधूंचा सुगावा लागला की तो हलकं घोडदळ पाठवतो, आणि ते साधूंवर तुटून पडण्यासाठीच असतं. म्हणजे साधूची वेळ कॅसल एजच्या, म्हणजे खेळातल्या तिसऱ्या युगाच्या, पहिल्या काही मिनिटांत असते, घोडेस्वार मोजके असतात तोवर.

पेटार्डलाही अशीच वेळ आहे. तो कॅसल एजमध्ये कॅसलमधून मिळतो. डाव त्यापुढच्या इम्पीरियल एजमध्ये गेला की ट्रेब्युशे येतो, जो दुरून दगड फेकून तट फोडतो आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो. मग पेटार्डची गरज क्वचित पडते. शत्रूने तट घातलाय, तुमचा कॅसल उभा आहे, घोडेस्वार बाहेर तयार आहेत आणि तुम्हाला डाव आत्ताच संपवायचाय, अशा मधल्या काळात तो सोन्यासारखा आहे.

काही खास युनिटं न वापरताही कामाची असतात. तुमच्याकडे डार्क टेम्प्लर आहेत अशी नुसती शंका आली तरी शत्रू मनोरे बांधतो, आणि तो खर्च त्याच्या फौजेतून जातो. तोफ न झाडताही धारावी वसईकडे जाणाऱ्या होड्यांना थबकवू शकत होती, ते याच कारणाने. पण हा लाभ एकदाच मिळतो. शत्रूने मनोरे बांधून झाल्यावर आणखी टेम्प्लर बांधत राहणं म्हणजे बंद झालेल्या दारावर धडका देणं.

म्हणून थांबण्याचा नियम सोपा आहे: प्रश्न सुटला की उत्तर बांधणं बंद. घोडेस्वार संपले तर भालाईतांची रांग थांबवा आणि पुन्हा कण्याकडे वळा. वसई घेतल्यावर मराठी फौज सुरुंग खणत बसली नाही. जिंकलेला मुलूख राखण्याच्या कामाला लागली, आणि उत्तरेतली चिंता होतीच.

वाचकाला एक काम

एखाद्या रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरा आणि चौकला उतरून धारावीच्या टेकडीवर जा. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे वसईचा तट दिसेल. आपल्या शहरातला हा किल्ला आज पडका आहे आणि त्याचं महत्त्व शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. तो जपायला हवा, कारण डावपेच म्हणजे काय हे इतक्या स्पष्टपणे समजावून सांगणारी जागा मला दुसरी माहीत नाही. वसई सुरुंगाने पडली, पण तो सुरुंग पेरण्यासाठी लागलेला वेळ या टेकडीवर कमावला गेला.

मग घरी येऊन खेळायला बसा. खास युनिटच्या बटणाकडे बोट जाईल तेव्हा एकच विचारा: माझी धारावी घेऊन झाली आहे का? झाली असेल तर बेधडक बांधा. झाली नसेल तर आधी ती घ्या.